छत्रीवरचं एक मत

मालनबाईचं डोकं पहिल्यांदा फिरलं ते मिठावरून.

सातवीच्या पुस्तकाचे दोन भाग होते. पुढे इतिहास आणि मागे नागरिकशास्त्र, दोन्ही एकाच शिवणीत शिवलेले. पुढच्या भागात लिहिलं होतं की इंग्रज सरकारने मिठाचा कायदा केला, लोकांनी तो मोडला, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले आणि थोर झाले. बरं, झाले तर झाले. मग मागची पानं उलटावीत तर तिथे पहिल्याच धड्यात ठणकावून सांगितलेलं की कायद्याचे पालन करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. आता पुस्तक एक, छापणारं सरकार एक, शिकवणारे मास्तर एक, आणि पुढे मोडणारे थोर तर मागे पाळणारे शहाणे. परीक्षेत लिहायचं काय माणसाने?

तिने याकोब मास्तरांना विचारलं. मास्तर नगरकडचे, ख्रिस्ती, दोन वर्षांपूर्वी बदलून गावच्या शाळेत आलेले. शांत माणूस. त्यांनी सांगितलं की ते सरकार परकं होतं आणि हे आपलं आहे, एवढाच फरक. मालनबाईने मान हलवली आणि घरी गेली. चूल पेटवता पेटवता तिच्या मनात आलं की आपलं म्हणजे नेमकं कुणाचं. गावात सरकार म्हणजे कानिफनाथ तात्या. ते तिचे कोण? तर चुलत सासऱ्यांचे मावसभाऊ. मग सरकार आपलंच म्हणायचं, नात्यातलं. हे काही पटेना आणि सोडवेही ना.

श्रीगोंदा तालुक्यातलं ते गाव. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून शाळेत झेंडा मोठा लागला होता आणि पाऊस मात्र बेपत्ता होता. अर्धं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचं. अशात जिल्हा परिषदेकडून कळलं की गावात बालवाडी निघणार आणि तिला गावचीच बाई पाहिजे, फक्त सातवी पास हवी आणि पंचायतीचा ठराव हवा. सातवी पास बाई गावात एकही नव्हती. मालन माहेरी चौथीपर्यंत शिकलेली, तीच त्यातल्या त्यात. तिचा नवरा मच्छिंद्र भला माणूस, त्याने बाहेरून परीक्षेला बसवायचं ठरवलं. तात्यांनीही होकार दिला, ठरावाचं आपण बघू म्हणाले. मालनला वर्षाचं खडी फोडणं चुकणार होतं, सावलीत बसून पोरांना गाणी शिकवायची होती. या विचारानेच तिला रात्र रात्र बरं वाटायचं. अगदी खरं सांगायचं तर लग्न ठरलं तेव्हासुद्धा तिला एवढा आनंद झाला नव्हता.

दुपारी शाळा सुटली की मास्तर तासभर शाळेच्या ओसरीवर शिकवत. पण सून परक्या बाप्यासमोर एकटी कशी बसणार? म्हणून सासू छबूबाई सोबत येई. सूप घेऊन येई, खांबाला टेकून बसे, हुलगे निवडता निवडता डुलक्या घेई. ना तिला अक्षर कळे ना आकडा. मास्तर एकदा चेष्टेने म्हणाले की छबूबाई, तुम्हीही द्या परीक्षा. तर म्हणाली, मला आता एकच परीक्षा राहिली, ती वर गेल्यावर.

इतिहास वाचताना मालनची दुसरी पंचाईत झाली. नगरच्या किल्ल्यात देशाचे मोठमोठे पुढारी कोंडले होते, असं पुस्तकात आलं. हा किल्ला तिने एसटीतून कितीदा पाहिला होता, साड्या आणायला जाताना. तिला वाटायचं, तिथे फक्त मिलिटरीची माणसं राहतात. तेव्हा इंग्रजांची मिलिटरी पहाऱ्यावर आणि पुढारी आत होते. आता पुढारी बाहेर आहेत आणि मिलिटरी तिथेच आहे. मग हललं कोण? मास्तर हसले, पण उत्तर मात्र त्यांनी उद्यावर टाकलं.

मग आला गुप्त मतदानाचा धडा. मास्तरांनी समजावून सांगितलं. आडोसा असतो, आत एकटं जायचं, आपल्याला हव्या त्या चित्रावर शिक्का मारायचा, घडी घालून पेटीत टाकायचं. कुणाला दिलं ते कुणीही विचारायचं नाही आणि आपण कुणाला सांगायचं नाही. मालनने विचारलं, नवऱ्यालाही नाही? मास्तर म्हणाले, नवऱ्यालाही नाही. तिला मोठं नवल वाटलं. नवऱ्यापासून चोरून तिने आजवर फक्त गूळ खाल्ला होता.

तेवढ्यात खांबाशी सूप वाजायचं थांबलं. छबूबाई डोळे मिटूनच म्हणाली, “मास्तर, देवालाबी कळत न्हाई का ते?”

मास्तरांनी डोकं खाजवलं. म्हणाले, “देवाचं मला सांगता यायचं नाही, छबूबाई. मी सरकारपुरतं बोलतो.”

पोरी असत्या तर खो खो हसल्या असत्या. मालनलाही हसू आलं. छबूबाईने काही मनावर घेतलं नाही, पुन्हा हुलग्यातले खडे वेचायला लागली.

आता हा धडा नुसता पुस्तकात राहिला असता तर काहीच बिघडलं नसतं. पण नेमकी त्याच वर्षी पंचायतीची निवडणूक आली. निवडणूक म्हणजे काय, हे या गावाला माहीत नव्हतं, कारण पंचायत झाल्यापासून इथे सगळं बिनविरोध. खंडोबाच्या देवळात बैठक बसायची, तात्या नावं सांगायचे, लोक माना हलवायचे, की झाली निवडणूक. त्याचा गावाला कोण अभिमान. शेजारच्या गावात निवडणुकीपायी डोकी फुटली की इथली माणसं पारावर बसून त्यांची कीव करायची. बिनविरोध गाव म्हणून कलेक्टर साहेबांनी एकदा तात्यांच्या गळ्यात हार घातलेला, त्याचा फोटो पंचायतीत लावलेला. फोटोत साहेबांची अर्धी मान कापली गेली होती, तात्या मात्र पुरे आलेले.

यंदाही तसंच व्हायचं. मालनच्या वस्तीवरून आसाराम उभा राहील असं ठरलं. त्याचा अर्ज कदाचित बाद झाला तर हाताशी असावी म्हणून तात्यांनी आपल्या विधवा भावजयीचा, रंगुबाईचाही अर्ज भरून ठेवला. नुसता नावाला. रंगुबाई म्हणजे मान वर न करणारी बाई. अंगठा दे म्हटलं, दिला. आसारामचा अर्ज मंजूर झाला, मग रंगुबाईला अर्ज मागे घ्यायला श्रीगोंद्याला न्यायचं ठरलं. आणि त्या दिवशी एसटीचं चाक वाटेतच बसलं. तात्या, रंगुबाई आणि आणखी दोघंतिघं धुळीतून चालत कचेरीत पोचले तोवर साहेबाने वेळ संपली म्हणून दार लावून घेतलं होतं. तात्यांनी हात जोडले, आवाज चढवला, काही उपयोग झाला नाही. कायदा म्हणजे कायदा.

झालं. कुणालाही नको असलेली निवडणूक गावावर येऊन पडली. आसारामची निशाणी शिडी आणि रंगुबाईची छत्री. रंगुबाई घरात रडत बसली. मी उभीच नाही हो, असं ज्याला त्याला सांगत सुटली. तिलाच काय, सगळ्या वस्तीला भलतं अवघडल्यासारखं झालं.

तात्यांनी तोड काढली. निवडणूक होऊ दे, पण अशी की झाली न झाली सारखीच. एकूण एक मत आसारामला पडलं पाहिजे, छत्रीवर एकही शिक्का नाही. मग बिनविरोधच की ते. त्यासाठी वस्तीतल्या सगळ्यांनी देवळात बेलभंडारा उचलायचा. बेलाची पानं आणि हळद तळहातावर घेऊन खंडोबासमोर शब्द द्यायचा. या गावात बेलभंडारा उचलला की विषय संपला. सख्खे भाऊ बांधावरून कोर्टात गेले असते, ते बेलभंडारा उचलून घरी परत आले होते.

सगळ्यांनी उचलला. रंगुबाईनेही उचलला, सगळ्यांत आधी. मच्छिंद्रने उचलला, छबूबाईने उचलला. मालनने उचलला तेव्हा तिच्या मनात नको ते विचार सुरू होते. मत कुणाला देणार ते सांगायचं नाही असं पुस्तक म्हणतं आणि इथे तर ओरडून सांगायचं आहे, तेही देवाला. मग आता मत द्यायला जायचं तरी कशाला? मास्तरांना विचारावं म्हटलं तर मास्तर निवडणुकीच्या ड्यूटीवर दुसऱ्या गावी गेलेले.

मतदान शाळेतच होतं. ज्या ओसरीवर ती धडे गिरवायची तिथेच बारदानाचा आडोसा केला होता. बाया रांगेने आत जात आणि बाहेर येत. छबूबाई गेली आणि पदर सावरत लगेच बाहेर आली, जशी काही चुलीवरचं दूध बघून आली. मग मालन आत गेली.

 कागदावर शिडी होती आणि छत्री होती. आसपास कुणी नाही. इतकं कुणीच नाही, असं तिच्या उभ्या आयुष्यात झालं नव्हतं. घरात सासू, रानात जावा, विहिरीवर बाया, आणि इथे फक्त ती. तिला वाटलं, खरंच कुणाला कळणार नाही. मग वाटलं, पण आपण शब्द दिलाय. मग वाटलं, शब्द देववणं हेच कायद्यात बसतं का? आणि बसत नसेल तर तो शब्द पाळला म्हणजे आपण कायदा मोडला का? आणि रंगुबाईला तर स्वतःलाच मत नको आहे. आसारामविरुद्ध मालनचं काहीच नव्हतं, तिच्या भावासारखाच होता तो. हातात शिक्का धरून ती इतका वेळ उभी राहिली की बाहेरून साहेबाने, बाई, झालं का, असं विचारलं. दचकून तिने शिडीवर शिक्का मारला आणि घडी घालून कागद पेटीत टाकला. बाहेर आली ती घामाघूम. सगळ्या रांगेने तिच्याकडे टकामका पाहिलं.

संध्याकाळी मोजणी झाली. सगळी मतं आसारामला आणि रंगुबाईला एक.

बातमी देवळापर्यंत आली आणि लोकांची तोंडं पाहण्यासारखी झाली. आसाराम निवडून आला, पण त्याला कुणी गुलाल लावेना. हरल्यासारखा तो पायरीवर बसून राहिला. रंगुबाई धावत आली, देवाच्या पायावर डोकं ठेवून म्हणाली, मी शिडीलाच मारला हो, शिडीलाच. तिच्यावर कुणाचा संशय नव्हताच. कुणी म्हणालं, चुकून पडला असेल शिक्का. हे बोलणं तिथेच मिटलंही असतं. पण दुसऱ्याने हळूच पिल्लू सोडलं की चुकून पडायला वेळ लागत नाही, वेळ लागतो तो विचार करून मारायला. आत वेळ कुणी लावला, हे साऱ्या रांगेने पाहिलंय. मग तिसऱ्याला आठवलं की ती मास्तरापाशी पुस्तक शिकते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तात्यांनी वस्तीतल्या बायांना देवळात बोलावलं. फक्त बायांना. बाप्यांना का नाही, असं विचाराल तर ते खंडोबालाच ठाऊक. बाप्ये आपले कडेला बसून तंबाखू मळत होते, जसा काही बाप्याच्या हातून शिक्का चुकतच नाही. तात्यांनी सांगितलं की प्रत्येक बाईने पुन्हा बेलभंडारा उचलायचा आणि म्हणायचं, मी छत्रीला मत दिलं नाही. जी उचलणार नाही ती कळली. पहिली मालन.

मालन पुढे झाली. खरं तर तिला भ्यायचं काहीच कारण नव्हतं, शिक्का शिडीवरच मारला होता. तात्या मुळात वाईट माणूस नाहीत. ते तिला समजुतीच्या सुरात म्हणाले, “उचल पोरी, आन मोकळी व्हय. उद्याच्या मिटिंगीत बालवाडीचा ठराव तुझ्याच नावानं करायचाय.”

तिने हात पुढे केला. गुरवाने तळहातावर बेलाचं पान ठेवलं. भंडारा टाकणार, तोच मागून छबूबाईचा आवाज आला, “मी जरा घरी जाऊन येते. शेळी सुटली असंल.”

मालनने मागे वळून पाहिलं. छबूबाई तिच्या मागेच रांगेत उभी होती. तोंडात पदराचं टोक धरलेलं, नजर जमिनीवर. शेळी मालनने स्वतःच्या हाताने बांधली होती, दुहेरी गाठ मारून, आणि छबूबाई तेव्हा शेजारीच उभी होती.

 ओसरीवरचं सूप वाजायचं थांबलेलं मालनला आठवलं. देवालाबी कळत न्हाई का ते. मग सगळंच एकदम डोक्यात आलं, मीठ आणि किल्ला आणि बारदानाचा आडोसा. आपण उचलला तर आपण सुटलो. मग हे पान मागच्या हातावर जाईल. तिने उचलला तर देवाशी खोटं, नाही उचलला तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. आणि मास्तर म्हणाले होते, कुणीही विचारायचं नाही. म्हणजे तात्यांनी विचारणंच चूक. मग आपण उत्तर देणंही चूकच की, भले ते खरं असो. पुढे कितीतरी वर्षं तिला हे नीट सांगता आलं नाही की तिने हात मागे घेतला तो पुस्तकामुळे की शेळीमुळे. पण घेतला खरा. बेलाचं पान तिने अलगद पायरीवर ठेवलं.

“मी न्हाई उचलत, तात्या,” ती म्हणाली. “छत्रीला दिलं असंबी म्हनत न्हाई, न्हाई दिलं असंबी म्हनत न्हाई. कुनी इचारायचंच न्हाई, असा कायदा हाय.”

तिचा आवाज चिरका निघाला, तिचा तिलाच ओळखू आला नाही.  तात्यांचा चेहरा पडला. त्यांना राग आलाच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी नुसतं, बरं, म्हटलं आणि जोड्यात पाय घातले. चोर सापडला होता, आता बाकीच्या बायांना विचारायचं कारण उरलं नव्हतं. रांग मोडली. जाता जाता जावा तिच्याकडे अशा पाहत गेल्या, जशी ती पाटल्या मोडून आली होती.

मच्छिंद्रला बातमी रानात कळली. घरी आला तो धुमसतच. दिलं होतंस तर निदान मला तरी सांगायचंस, असं म्हणाला.  मी शिडीला दिलं, एवढं एकच वाक्य सांगून टाकावं असं तिच्या अगदी ओठावर आलं. खरं होतं ते, नवऱ्याला सांगायला काय हरकत होती? पण तो ते ऐकून पहिलं काय करील, तर देवळात जाऊन सांगेल. मग पुन्हा रांग. तिने भाकरी थापायला घेतली. मच्छिंद्र न जेवताच निघून गेला. 

घरात सासूसुना दोघीच राहिल्या. छबूबाई उंबऱ्याशी बसली होती. म्हणाली, “मालन, तुला एक सांगायचं हाय मला. त्या आडोशामागं—”

“सांगू नगा, आत्याबाई.”

“अगं, पन—”

“मलाबी नगा सांगू. कुनालाच न्हाई सांगायचं ते.” मालनने भाकरी तव्यावर टाकली.  “न्हाईतर मी देवळात केलं ते समदं वाया गेलं.”

 छबूबाईने उठून ताट घेतलं आणि पहिली भाकरी सुनेला वाढली. त्या घरात असं कधी झालं नव्हतं. मालनला घास जाईना. एवढं करून आपल्याला नक्की काही ठाऊकच नाही, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. कदाचित शेळी खरंच सुटल्यासारखी वाटली असेल. कदाचित आत्याबाईला सांगायचं असेल ते भलतंच. शिक्का कुणाच्या तरी हातून चुकूनही पडला असेल. तिने ज्याच्यासाठी बालवाडी घालवली ते मत कुणाचं होतं, का होतं, हे तिला विचारायची सोय नव्हती, आणि ही सोय तिने स्वतःच बंद केली होती.

चार दिवसांनी मास्तर आले. सगळं ऐकून ते कितीतरी वेळ खुर्चीच्या दांडीवरून हात फिरवत राहिले. त्यांना अपराध्यासारखं वाटत होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. मालनने त्यांना एवढंच विचारलं, “मास्तर, मी कायदा मोडला का पाळला?”

मास्तर म्हणाले, “पाळला, मालनबाई.” मग म्हणाले, “पण गावाचा मोडला. तुम्ही दोन्ही एकदम केलंत. हे कसं लिहायचं, ते पुस्तकात नाही.”

बालवाडीचा ठराव झाला तो आसारामच्या भावजयीच्या नावाने. ती तिसरी शिकलेली होती, सातवी तिने पुढे मागे करावी, असं ठरवून. मच्छिंद्रचा राग महिनाभरात उतरला. त्याचं मन मोठं, पण आता परीक्षा काय कामाची, असं तो म्हणायला लागला आणि मालनलाही ते पटत चाललं होतं. ती पुन्हा खडी फोडायला जाऊ लागली. पुस्तक फळीवर गेलं.

ते काढलं छबूबाईने. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिने स्वतः फळीवरून पुस्तक खाली घेतलं, पदराने पुसलं आणि उलटं धरून सुनेपुढे केलं. म्हणाली, जायचं, मी येते संगं. मच्छिंद्र काही बोलायला गेला तर त्याच्याकडे तिने असं पाहिलं की तो गोठ्याकडे निघून गेला.

श्रीगोंद्याच्या शाळेत परीक्षा. ओळीने पोरंपोरी बसलेली आणि त्यांच्यात ही एकटी बाई, कपाळावर कुंकू, पायांत जोडवी. पोरं एकमेकांना ढोसत होती. इतिहासाचा पेपर बरा गेला. मिठाच्या सत्याग्रहावर तर तिने इतकं लिहिलं की पुरवणी मागावी लागली. लिहिता लिहिता तिला पहिल्यांदाच वाटलं, ही माणसं मीठ उचलताना चांगलीच घाबरली असतील. पुस्तकात तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, म्हणून तिनेही लिहिलं नाही.

मग नागरिकशास्त्रात प्रश्न आला. गुप्त मतदान म्हणजे काय? उदाहरण देऊन स्पष्ट करा.

गुप्त मतदान म्हणजे काय, ते तिने लिहिलं. चांगलं सविस्तर लिहिलं, आडोसा, शिक्का, घडी, पेटी. मग उदाहरणाशी येऊन थांबली. उदाहरण तिच्याकडे होतं. असलं उदाहरण त्या अख्ख्या वर्गात कुणाकडे नव्हतं. टाक तिने कागदावर टेकवलाही. तिथे शाईचा ठिपका पडला. पेपर कोण तपासील, नगरला जाईल की पुण्याला, तिथून आमच्या गावात कोण सांगायला येणार आहे, असं तिने मनाशी म्हणून पाहिलं. मग टाक उचलला. उदाहरणाची जागा कोरी सोडली आणि पुढचा प्रश्न घेतला.

बाहेर लिंबाखाली छबूबाई फडक्यातली भाकरी सोडून बसली होती. सून दिसताच हात हलवून तिने जागा दिली आणि विचारलं, काय काय विचारलं गं?

मालनने मिठाचं सांगितलं, किल्ल्याचं सांगितलं. मग म्हणाली, “गुप्त मतदानाचं इचारलं हुतं. उदाहरन द्या म्हनले.”

छबूबाईचा हात भाकरीवरच थांबला. “मग?”

“न्हाई दिलं.”

छबूबाईने तिच्याकडे पाहिलं. पाहता पाहता म्हातारीचे डोळे भरून आले आणि तिने ते पदराने पुसलेही नाहीत. रस्त्याने एक एसटी धुरळा उडवत गेली. मग तिने भाकरीचा मोठा तुकडा मोडला, त्यावर ठेचा घातला आणि सुनेच्या हातावर ठेवला.

“मार्क कापतील,” ती म्हणाली.

“कापू देत,” मालन म्हणाली आणि जेवायला लागली.